‘काच नको’ म्हणजे पेस्टल नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महालात बडकस चौकाजवळ आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, १९८८ पासून मी बसतो. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, सत्काराची मानपत्रं आणि वर्षाकाठी शंभर-सव्वाशे हातानं काढलेली चित्रं, एवढा आमचा पसारा. चित्रकलेचं शिक्षण माझं शून्य. पण पस्तीस-छत्तीस वर्षं रोज चित्रांना पाठीमागून हात लावतो आहे, तेव्हा दोन शब्द लिहायचा हक्क आहे असं समजून लिहितो. आपला पेपर दुकानात रोज येतो. सकाळी मी वाचतो, दुपारी त्यात काचा गुंडाळतो, म्हणजे तो गिऱ्हाइकांच्या घरीही जातो.

कारण घडलं ते असं. माझी पुतणी इथल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकते. यंदा तिनं पिवळ्या मारबतीचं चित्र काढलं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात जिची मिरवणूक निघते तो मोठा पुतळा. इतवारीतली ती गर्दी, वर उडणारा गुलाल, आणि मधोमध पिवळीजर्द मारबत. दोन फूट बाय दीड फुटाचा कागद, माध्यम सॉफ्ट पेस्टल. ‘मारबतीचा पिवळा दुसऱ्या कुठल्या रंगानं येतच नाही काका,’ असं तिचं म्हणणं. मी फ्रेम करून दिली. पट्टी साधी काळी, माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट पांढरी, वर दोन एमएमची काच. शहरातल्या एका संस्थेच्या प्रदर्शनात ते चित्र द्यायचं होतं. अर्जावर नियमांच्या यादीत खालून तिसरी ओळ होती : ‘काच लावलेली चित्रे स्वीकारली जाणार नाहीत.’ पोरीला वाटलं, ही सूचना तैलचित्रवाल्यांसाठी असेल.

टेबलावर बसलेले गृहस्थ अगदी प्रेमानं म्हणाले, ‘बेटा, काच काढून आण, पाच मिनिटांचं काम आहे.’ ती म्हणाली, हे पेस्टल आहे, काच काढली की रंग गळेल, कुणाचा हात लागला तर पुसून जाईल. ते म्हणाले, फिक्सेटिव्ह मार, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा. ती म्हणाली, मारलं की पिवळा मळकट होतो. मग त्यांनी विचारलं, ‘मग ऑइलमध्ये काहून नाही केलं?’ यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. स्कूटीवर फ्रेम आणायची सोय नव्हती, म्हणून ऑटो करून, मारबत मांडीवर घेऊन ती दुकानात परत आली.

संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत. त्यांच्या पदाधिकाऱ्यांचे सत्काराचे फोटो माझ्याचकडे फ्रेम होतात आणि पैसेही वेळेवर मिळतात. नियमामागचं कारणही मला ठाऊक आहे. मागं कधीतरी चित्रं उतरवताना एक काच फुटली आणि एका पोराचा तळहात कापला. शिवाय टेम्पोत एकावर एक फ्रेमा रचल्या की काच तडकते, तिची किरच शेजारच्या कॅनव्हासमध्ये घुसते. काचेत दिव्यांची तिरीप दिसते ती वेगळी. हे सगळं खरं. पण त्या एका ओळीनं काय होतं ते पाहा. तैलरंग आत, ॲक्रिलिक आत. जलरंगवाला कुरकुरत का होईना, वर प्लॅस्टिक चढवून आत. पेस्टल तेवढं बाहेर. ‘पेस्टल नको’ असं कुणी कुठं लिहिलेलं नाही, तरी ते बाहेर.

आता आपल्या वाचकांपैकी बरेचजण म्हणतील, पेस्टल म्हणजे ते पोरांचे खडूच ना? त्यांचा दोष नाही. बाजारात ‘पेस्टल’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी फिरतात. सीताबर्डीच्या साडीच्या दुकानात ‘पेस्टल शेड दाखवा’ म्हटलं की फिका गुलाबी, फिका पिस्ता, फिका आकाशी असं सगळं धुऊन वाळवलेलं पुढ्यात येतं. स्टेशनरीच्या दुकानात पेस्टल मागितलं तर ऑइल पेस्टलची डबी मिळते. मेण आणि तेल घातलेले हे तेलखडू जपानमध्ये साकुरा कंपनीनं १९२५ साली शाळकरी मुलांसाठी काढले. आपल्याकडे दांडेकरांच्या कॅमलिननं, म्हणजे १९३१ साली शाईपासून सुरू झालेल्या उंटाच्या कंपनीनं, ते घरोघर पोचवले. तेही कमी समजू नयेत. १९४९ साली पॅरिसच्या सेनेलिये या रंगवाल्यानं ते खास पिकासोसाठी बनवले होते. पण मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे ते तिसरं, सॉफ्ट पेस्टल. त्यात तेल नाही, मेण नाही. तैलरंगात जी रंगाची पूड असते तीच पूड, थोडी चुन्याची पांढरी माती आणि कांडीचा आकार टिकण्यापुरता चिमूटभर डिंक. कागदावर ओढली की पूड कागदाच्या दाण्यात अडकून बसते, बस. वर कुठला थर नाही, वार्निश नाही, पिवळं पडणारं तेल नाही. म्हणून रंग इतका उघडा दिसतो, आणि म्हणूनच बोट लावलं की बोटावर येतो. साडीवाल्यांच्या फिकटपणाशी याचा काही संबंध नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला रामटेकच्या वाटेवर पळस पेटतो ना, तो रंग पेस्टलमध्ये जसाच्या तसा येतो.

हे सगळं मला कसं कळलं ते सांगायला हवं, कारण त्यात माझी लाज आहे.

२००३ सालची गोष्ट. धरमपेठेतून एक बाई यायच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सुती साडी, खांद्याला शबनम, आणि उजव्या हाताच्या नखांत कायम कुठलातरी रंग. त्यांनी एक चित्र फ्रेमला टाकलं. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावरचा बहावा, मे महिन्यातला, पिवळ्या झुंबरांनी लदलेला, आणि खाली सडा. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून आणलं होतं, वर बटर पेपर. ‘हात लावू नका हं भाऊ,’ म्हणाल्या. मी हो म्हटलं. सगळीच गिऱ्हाइकं असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो होतो. दुकानात कामाला नवा पोरगा होता, भंडाऱ्याकडचा, कामाला चपळ. फ्रेम करण्याआधी फोटो फडक्यानं पुसून घ्यायचा, ही मीच त्याला लावलेली शिस्त. परत आलो तर टेबलावर बहावा नाही. पिवळसर धुकं, त्यात तपकिरी बुंधा कुठंतरी हरवलेला. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, ‘लय धूळ होती जी कागदावर. निघतच नव्हती. म्हणून जरा जोर लावून पुसली.’ फडकं पिवळं झालं होतं. ते त्यानं मला अभिमानानं दाखवलं.

संध्याकाळी बाई आल्या. मी काय काय बोललो ते आठवत नाही. पैसे नको, नवा कागद देतो, असलंच काहीतरी. त्यांनी चित्र उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून लाकडी डबी काढली आणि दुकानातल्याच स्टुलावर बसल्या. पाऊण तासात बहावा परत उभा राहिला. ब्रश नाही, पाणी नाही. कांडी आडवी धरून एक पट्टा, मग करंगळीनं एक घासणी, अंगठ्याच्या कडेनं एक. मधूनमधून पुठ्ठा उभा करून पाठीमागून टकटक करायच्या, सुटी पूड खाली कागदावर पडायची. फुंकर मारायच्या नाहीत. एकदा त्या पोरानं मदत म्हणून फुंकर मारली तर त्याच्यावर मात्र ओरडल्या : ‘छातीत जाईल ना रे ती!’ काही पिवळ्या-तांबड्या रंगांत कॅडमियम असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जाताना म्हणाल्या, ‘पहिल्यापेक्षा बरा झाला. तुमच्या पोरानं पार्श्वभूमी छान केली.’

हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला पेस्टलची फ्रेम शिकवली. पुढची बारा-तेरा वर्षं त्यांचं प्रत्येक चित्र माझ्याकडे आलं. त्या गेल्या तेव्हा त्यांची डबी त्यांच्या मुलीनं मला आणून दिली. त्यातलीच पिवळी कांडी पुतणीनं मारबतीला वापरली, पण ते असो.

तर फ्रेम. काच चित्राला चिकटता कामा नये, ही पहिली गोष्ट. चिकटली की पूड काचेवर जाते आणि चित्राची जुळी बहीण तयार होते. म्हणून माउंट जाड घ्यायचा, किंवा काचेच्या कडेला पट्टीच्या आतून पाव इंचाची बारीक चौकट बसवायची. बाई आणखी एक करून घ्यायच्या. माउंटच्या मागं अजून एक पुठ्ठा थोडा मोठ्या खिडकीचा कापून लावायचा, म्हणजे गळलेली पूड पांढऱ्या कडेवर न दिसता मागच्या खाचेत पडते. काच न लावता ॲक्रिलिक शीट लावा, असं हल्ली पुष्कळजण सुचवतात. त्या संस्थेच्या गृहस्थांनीही सुचवलं होतं. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तो प्रयोग आठवा. ॲक्रिलिकवर फडकं फिरवलं की तीच वीज तयार होते आणि पेस्टलची पूड उडून शीटला चिकटते. वीज न धरणारं ॲक्रिलिक मिळतं, पण ते बाहेरून मागवावं लागतं आणि त्याची किंमत ऐकून विद्यार्थी पळून जातो. म्हणून पेस्टलला काच. दुसरा उपाय नाही.

आणि हे आपलं नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरोघर कूलर. बाहेर हवा कोरडी ठाक आणि खोलीत खसमधून येणारा ओला वारा. कागद दिवसा फुगतो, रात्री कूलर बंद झाला की आखडतो. मग जुलैत बुरशी. डिंक आणि कागद दोन्ही तिच्या आवडीचे. म्हणून पेस्टलच्या फ्रेमची पाठ मी खाकी टेपनं पूर्ण बंद करतो आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावतो, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा खेळते. कूलरच्या समोरच्या भिंतीवर आणि पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर पेस्टल लावू नका, हे प्रत्येकाला सांगतो. चौघांतले तिघं लावतातच. हॉलमधली तीच भिंत मोकळी असते ना.

एवढं जपावं लागतं म्हणजे हे माध्यम कच्चं, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पुतणी मला रात्री फोनवर जगभरची चित्रं दाखवत बसते. त्यातलं फ्रेमवाल्याच्या नजरेला जे दिसलं ते सांगतो.

व्हेनिसमध्ये रोझाल्बा कारिएरा नावाची बाई होऊन गेली. सुरुवात केली ती तपकिरीच्या डब्यांची झाकणं रंगवून, म्हणजे आमच्यासारखीच बाजारातली कारागीर. पुढं पेस्टलमध्ये माणसांचे चेहरे काढू लागली आणि १७२० साली पॅरिसच्या राजेशाही अकादमीनं तिला सभासद करून घेतलं. त्या काळी बाईला, तीही परदेशी! म्हातारपणी बिचारीची दृष्टी गेली. जर्मनीत ड्रेस्डेनला तिची सत्तरच्या वर पेस्टल चित्रं जपून ठेवली आहेत. २०२३ मध्ये तिथं तिच्या साडेतीनशेव्या जन्मवर्षाचं मोठं प्रदर्शन झालं. मी फोनवर ते चेहरे मोठे करकरून पाहिले. गालावरचा गुलाबी काल लावल्यासारखा. त्याच काळातली तैलचित्रं बघा, वार्निशनं चहाच्या रंगाची झालेली असतात.

त्याच ड्रेस्डेनमध्ये लिओतार नावाच्या चित्रकारानं काढलेली चॉकलेटचा पेला घेऊन चाललेली मोलकरीण आहे, साधारण १७४४ ची, चामड्याच्या पातळ पत्र्यावर म्हणजे चर्मपत्रावर पेस्टलनं केलेली. ट्रेमधल्या पाण्याच्या ग्लासात खिडकी दिसते. ग्लासातली खिडकी पुडीनं काढायची म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. या लिओतारची एक गंमत आहे. १७५४ साली त्यानं एका बाईचं आणि छोट्या पोरीचं न्याहारी करतानाचं चित्र पेस्टलमध्ये केलं, आणि जवळजवळ वीस वर्षांनी, १७७३ मध्ये, तेच चित्र पुन्हा जसंच्या तसं तैलरंगात काढलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीनं २०२३ च्या अखेरीस ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टांगली होती. ‘ऑइलमध्ये काहून नाही केलं’ असं विचारणाऱ्यांनी ती जोडी जरूर पाहावी, फोनवर दिसते. मला पेस्टलचं आवडलं. पुतणीलाही. तिच्या आईला तैलरंगातलं आवडलं, तेव्हा घरात एकमत नाही.

फ्रेमवाला म्हणून मला सगळ्यात थक्क केलं ते पॅरिसच्या ला तूर या चित्रकारानं. त्यानं फ्रान्सच्या राजाच्या मर्जीतल्या मादाम द पॉंपादूरचं पेस्टल केलं, १७५५ साली लोकांसमोर आलं, आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. उंची पावणेसहा फुटांच्या वर. अनेक कागद जोडून केलेलं. माझा पहिला प्रश्न : काच कुठून आणली? अडीचशे वर्षांपूर्वी एवढी सलग काच म्हणजे केवढ्याला पडली असेल! आज इतवारीतून सहा फुटी काच महालात आणायची तर मी दोन माणसं आणि हातगाडी सांगतो, वर देवाचं नाव घेतो.

देगाचं तर आम्हा लोकांशी नातंच लागतं. त्या नाचणाऱ्या मुलींचा चित्रकार. चित्र काढता काढता त्याला कागद अपुरा पडायचा, की खाली एक पट्टी जोड, बाजूला एक जोड. ट्रेसिंग पेपरवर काढायचा, आणि ते कागद पुठ्ठ्यावर चिकटवायला त्याचा एक ठरलेला माणूस होता. त्या माणसाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. पेस्टल भरलेल्या ट्रेसिंग पेपरला खळ लावायची म्हणजे विंचवाला मेंदी लावण्यासारखं आहे. रंगावर रंग चढवता यावा म्हणून मधल्या थरांवर देगा एका मित्रानं बनवून दिलेलं फिक्सेटिव्ह मारायचा. चित्र पूर्ण झाल्यावर सरसकट फवारा मारणं ही वेगळी गोष्ट. त्यानं पांढरा रंग दबतो, उजेड जातो. हेअर स्प्रे मारणारेही पाहिले आहेत. काय बोलायचं!

पैशांचं मोजमाप हवं असेल तर तेही आहे. नॉर्वेचा चित्रकार मुंक, त्याची ‘किंकाळी’ सगळ्यांना ठाऊक आहे, तो पुलावर कान दाबून उभा असलेला माणूस. त्या चित्राच्या चार आवृत्त्यांपैकी १८९५ ची पेस्टलमध्ये आहे. २ मे २०१२ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ती जवळपास बारा कोटी डॉलरला गेली, तेव्हाच्या भावानं सहाशे कोटी रुपयांच्या वर. त्या वेळेपर्यंत लिलावात कुठल्याही चित्राला एवढी किंमत आली नव्हती. आणि बरं का, तिच्या फ्रेमवर मुंकनं स्वतःच्या हातानं कविता लिहिली आहे. म्हणजे त्या सहाशे कोटींत फ्रेमचाही वाटा धरायला हरकत नाही.

हे झाले जुने. आत्ताचं सांगायचं तर निकोलस पार्टी नावाचा, १९८० साली जन्मलेला स्विस चित्रकार आहे. तो संग्रहालयाच्या भिंतीच्या भिंती थेट पेस्टलनं भरतो. कागदच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात त्यानं रोझाल्बाच्या एका चित्राभोवती अशी अख्खी भिंत रंगवली. प्रदर्शन संपलं की भिंत पुसून टाकायची. आमच्या भंडाऱ्याच्या पोराला हे काम छान जमलं असतं. दुसरी अमेरिकेची झारिया फोरमन. ती नासाच्या विमानातून अंटार्क्टिकाचा बर्फ पाहून आली आणि परत येऊन भिंतीएवढ्या कागदावर हिमनग काढते, तळहातानं आणि बोटांनी घासून. पुतणीनं तिचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मला बाईंची करंगळी आठवली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाकडे पाचशेच्या आसपास पेस्टल चित्रं आहेत. २०२३ मध्ये त्यांनी त्यातली निवडक काढून खास प्रदर्शन केलं. एरवी ती आळीपाळीनं बाहेर येतात, अंधूक उजेडात, काचेमागं. काचेमागं, हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहितो आहे.

आपल्या देशालाही हे नवीन नाही. चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी कलकत्त्यात गिलार्डी नावाच्या इटालियन शिक्षकाकडे पेस्टलचेच धडे घेतले होते. आणि नागपूरबद्दल मी वेगळं काय सांगू? चित्रकार गायतोंडे इथं जन्मले, चित्रकार रझा १९३९ पासून चार वर्षं इथल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण सगळे ही दोन नावं सांगतो, मीही सांगतो. पण आज सीताबर्डीपासून सदरपर्यंत सॉफ्ट पेस्टलच्या सुट्या कांड्या मागून बघा. दुकानदार बारा रंगांची डबी काढतो, त्यातला एक पिवळा संपला की अख्खी डबी नवी घ्या म्हणतो. पेस्टलचा कागद नाही. बाई तर माझ्याकडून लाकूड घासायचा बारीक पॉलिश पेपर न्यायच्या आणि त्याच्यावर काढायच्या. रंग छान धरतो तो, फक्त त्याचा पाठीचा कागद वर्षानुवर्षं टिकेल याची खात्री नाही, असं त्याच सांगायच्या. मागणी नाही म्हणून माल नाही. आता मागणी यायची कुठून, प्रदर्शनाच्या टेबलावरूनच चित्र परत येत असेल तर?

माझं मागणं फार नाही. प्रदर्शनं आणि स्पर्धा भरवणाऱ्या शहरातल्या सगळ्या संस्थांनी अर्जातली ती एक ओळ बदलावी. ‘काच लावलेली चित्रे स्वीकारली जाणार नाहीत’ याऐवजी असं काहीतरी लिहावं : ‘काच लावलेली चित्रे आणताना काचेवर कागदी चिकटपट्टी मारून आणावी.’ काचेवर मास्किंग टेपच्या उभ्याआडव्या पट्ट्या मारल्या की काच फुटली तरी तुकडे जागेवर राहतात, चित्रावर पडत नाहीत, हातात घुसत नाहीत. चित्र भिंतीवर लागलं की टेप काढायची. पुणे-मुंबईला चित्रं पाठवताना आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो. काचेच्या फ्रेमा आडव्या एकावर एक न रचता उभ्या, तोंडाला तोंड, पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि मध्ये पुठ्ठा. टेम्पोवाल्याला दोनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा तो स्वतःच करतो. सहा महिन्यांची सवय आहे, खर्च टेपच्या रिळाचा. आणि पोराचा हात कापण्याची भीती मलाही आहे, कारण माझे दोन्ही हात पाहिले तर बत्तीस टाके मोजता येतील. त्यातला एकही टेप मारलेल्या काचेचा नाही.

दुसरं मागणं आपल्याकडे. मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत एका प्रदर्शनाच्या फोटोखाली ‘खडूने रेखाटलेली चित्रे’ असं छापून आलं होतं. मी ते प्रदर्शन पाहिलं, ती पेस्टल होती. चूक लहान आहे. पण ज्या आईनं ती ओळ वाचली असेल ती उद्या पोरीला म्हणेल, एवढी मोठी झालीस, अजून खडूच? तेव्हा पेस्टल लिहा. जागा कमी पडत असेल तर ‘रेखाटलेली’ काढा.

मारबत सध्या दुकानात गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर आहे. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा कुठल्या प्रिंटिंग प्रेसचा कागद? मी त्याला काचेच्या जवळ नेलं.

ज्यांना पेस्टल कुठंही पाठवायचं असेल त्यांनी फ्रेम घेऊन यावं. फ्रेम दुसऱ्याकडे केलेली असली तरी चालेल, काचेवर टेप मी फुकट मारून देईन. येताना चित्र आडवं आणू नका, उभं आणा. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक फ्रेमवाला
महाल, नागपूर